घरची कॉइलगन : प्रयोग, शस्त्र आणि ‘इतर प्रकारची ऊर्जा’

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे विषय ठरवायची वेळ आली की एक विषय हमखास पुढे येतो. तांब्याच्या तारेचं वेटोळं, एक मोठा कपॅसिटर, एक स्विच आणि वेटोळ्यातून सुसाट बाहेर पडणारा लोखंडी तुकडा. कॉइलगन. व्हिडिओ पाहिलेले असतात, सामान स्वस्त असतं, सूत्रं पाठ्यपुस्तकातली असतात आणि परीक्षक खूश होतील अशी खात्री असते. मग प्रश्न येतो, ‘हे घरी बनवलं तर चालतं का? पोलिसांचं काही लफडं नाही ना?’

या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणारे बरेच भेटतील. मला इथे जरा वेगळं करायचं आहे. शोधनिबंध आपण जसा टीकात्मक वाचतो, तशी ही ‘घरची कॉइलगन’ वाचू या. यातल्या व्हिडिओंची, प्रोजेक्ट रिपोर्टांची आता एक ठरलेली पद्धत झाली आहे, आणि ती पद्धत मला दोन ठिकाणी कच्ची वाटते : विज्ञानात आणि कायद्यात. दोन्हीकडे कच्चेपणाचं मूळ एकच आहे. ही वस्तू कशासाठी बनवली, हे बनवणाऱ्यानं ठरवलेलंच नसतं.

एक गोष्ट आधीच सांगते. मी वकील नाही. कायद्याचा मजकूर मी भौतिकीच्या विद्यार्थ्याला वाचता येईल तसा वाचते आहे. प्रत्यक्ष सल्ला हवा असेल तर तो वकिलाकडूनच घ्या.

आधी यंत्र समजून घेऊ

विद्युतचुंबकीय प्रक्षेपकाचे दोन मुख्य प्रकार आहेत. रेलगनमध्ये दोन समांतर रूळ असतात, त्यांच्यामध्ये सरकणारा वाहक तुकडा असतो. प्रचंड प्रवाह एका रुळातून येतो, तुकड्यातून दुसऱ्या रुळात जातो आणि स्वतःच्याच चुंबकीय क्षेत्रामुळे तुकडा पुढे ढकलला जातो. कॉइलगनमध्ये स्पर्श नसतो. वेटोळ्यात प्रवाह सोडला की लोखंडी तुकडा वेटोळ्याच्या मध्याकडे ओढला जातो. मध्यावर पोचेपर्यंत प्रवाह संपला पाहिजे. तो रेंगाळला तर तेच वेटोळं तुकड्याला मागे खेचायला लागतं.

इथे खरं भौतिक सुरू होतं. बल अवलंबून असतं प्रवाहाच्या वर्गावर आणि तुकडा सरकेल तसं वेटोळ्याचं इंडक्टन्स किती बदलतं यावर. पण लोखंड साधारण २ टेस्लाच्या आसपास संपृक्त होतं. त्यानंतर प्रवाह वाढवत नेला तरी बल वर्गाच्या प्रमाणात वाढत नाही. तुकड्यात भोवरा प्रवाह तयार होतात ते वेगळेच. म्हणजे पाठ्यपुस्तकातलं सूत्र थोडा वेळ साथ देतं, मग सोडून जातं. ते कुठे सोडून जातं, हे मोजणं म्हणजे संशोधन.

आता नेहमीचे रिपोर्ट पाहा. बहुतेकांचा शेवट ‘डबा फुटला’, ‘पुठ्ठा आरपार गेला’ असा असतो. प्लॉट नसतो, त्रुटी नसते. डबा फुटणं हे निरीक्षण आहे, मोजमाप नाही. कुठला डबा, किती जाड पत्रा, किती अंतर, तुकड्याचं टोक कसं होतं, हे सगळं बदललं की निकाल बदलतो. आणि परीक्षकाच्या हाती शेवटी राहतं काय? आवाज.

ऐंशी ज्यूल कोणाकडे गेले?

एक साधं गणित करू. ४०० व्होल्टला भारलेला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या. साठवलेली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले धारिता गुणिले व्होल्टेजचा वर्ग. उत्तर ८० ज्यूल. रिपोर्टच्या पहिल्या पानावर हाच आकडा ठळक छापलेला असतो, जणू तीच यंत्राची ताकद.

समजा ५ ग्रॅमचा तुकडा सेकंदाला २० मीटर वेगानं बाहेर पडला. त्याची गतिज ऊर्जा १ ज्यूल. म्हणजे कार्यक्षमता सव्वा टक्का. साध्या, एका वेटोळ्याच्या घरगुती यंत्राकडून याच पातळीची अपेक्षा ठेवावी. उरलेले ७९ ज्यूल तारेच्या उष्णतेत, स्विचमध्ये आणि लोखंडात गेले.

हा हिशेब दोन कारणांसाठी महत्त्वाचा आहे. पहिलं कारण सुरक्षिततेचं. नळीच्या तोंडाशी १ ज्यूल आहे आणि तुमच्या हाताशी ८०. रुग्णाच्या छातीवरून डिफिब्रिलेटरनं हृदयाला देतात तो झटका १२० ते ३६० ज्यूलचा असतो, यावरून ८० ज्यूल म्हणजे काय ते समजून घ्या. वीज बंद केली, प्लग काढला तरी कपॅसिटर भारलेलाच राहतो. त्यामुळे या यंत्राचा पहिला संभाव्य बळी समोरचं लक्ष्य नसून बनवणारा असतो. व्हिडिओमध्ये कॅमेरा नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून आपणही तिकडेच पाहत बसतो.

दुसरं कारण त्रुटीचं. वेग मोजायला दोन प्रकाशद्वारं १० सेंटिमीटर अंतरावर ठेवली आणि वेळ ५ मिलिसेकंद आली. अंतरात १ मिलिमीटरची अनिश्चितता म्हणजे १ टक्का. वेळेत ०.१ मिलिसेकंदाची म्हणजे २ टक्के. दोन्ही एकत्र केल्या की वेगात सुमारे २.२ टक्के. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, म्हणून तिथे दुप्पट : जवळपास साडेचार टक्के.

कपॅसिटरचं काय? इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर छापलेल्या किमतीत २० टक्क्यांचा फरक सहज असू शकतो. तुम्ही धारिता स्वतः मोजली नसेल तर ते ‘८० ज्यूल’ ६४ ते ९६ मधलं काहीही असेल. आता सांगा, ‘वेटोळ्याचे फेरे बदलून कार्यक्षमता १.२५ वरून १.२८ टक्के केली’ या दाव्याला अर्थ काय उरतो? तोच कपॅसिटर दोन्ही वेळा वापरला असेल तर त्याची चूक दोन्हीकडे सारखी, ती तुलनेत गळून जाते. पण वेग मोजण्यातली साडेचार टक्क्यांची यादृच्छिक त्रुटी गळत नाही. एकेका शॉटवरून असा दावा करता येणार नाही, शॉट पुष्कळदा घ्यावे लागतील आणि सरासरी काढावी लागेल. आणि इंटरनेटवरच्या दुसऱ्या कोणाच्या यंत्राशी तुलना करायची असेल तर कपॅसिटरची चूकही पुन्हा हिशेबात येते.

याला मी कच्चं विज्ञान म्हणते. यंत्र चाललं, पण काय कळलं ते कळलं नाही. प्रक्षेपकाचा वेग मोजण्याची शिस्त नवी नाही. बेंजामिन रॉबिन्सनं १७४२ मध्ये बॅलिस्टिक लंबकाची पद्धत छापली होती. लाकडाचा ठोकळा, दोरी आणि संवेगाची अक्षय्यता, एवढ्यावर बंदुकीच्या गोळीचा वेग काढला. आपल्या हातात मायक्रोकंट्रोलर असताना आपण डबे फोडत बसायचं?

बिर्कलंडची गोष्ट नीट सांगायची तर

या विषयावरच्या प्रास्ताविकांत एक गोष्ट वारंवार येते. नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्कलंड यांनी १९०१ मध्ये विद्युतचुंबकीय तोफेचं पेटंट घेतलं. ६ मार्च १९०३ रोजी त्यांनी विद्यापीठाच्या सभागृहात ती लोकांसमोर चालवून दाखवायचं ठरवलं. शॉर्ट सर्किट झालं, प्रचंड आवाज, ज्वाळा, आणि तोफेच्या धंद्याचा तिथेच शेवट. पण त्या विद्युत चापातूनच पुढे सॅम आयडे यांच्यासोबत हवेतला नायट्रोजन खतासाठी बांधून घेण्याची प्रक्रिया उभी राहिली आणि १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी निघाली.

ही गोष्ट ‘अपयशातून यश’ अशा सुविचाराच्या थाटात सांगितली जाते. मला ते वाचन अपुरं वाटतं. स्फोट पुष्कळांच्या प्रयोगशाळेत होतात, त्यातून खत निघत नाही. बिर्कलंड यांचा मूळ विषय ध्रुवीय प्रकाश होता. चुंबकीय क्षेत्रात विद्युत विसर्ग कसा वागतो, हे त्यांनी आधीच वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तोफेचा उद्योगही बऱ्याच अंशी त्या संशोधनाला पैसा मिळावा म्हणून होता. म्हणजे तोफ हा त्यांचा प्रश्न नव्हताच. प्रश्न आधीपासून दुसरा होता, म्हणून तोफ फसल्यावरही त्यांच्या हातात काहीतरी उरलं.

तुमची कॉइलगन उद्या चाललीच नाही तर तुमच्या हातात काय उरेल? सिनॉप्सिस लिहिताना हा प्रश्न स्वतःला विचाराच.

मोठ्या प्रमाणावरच्या कामातही हेच दिसतं. आपल्याकडे डीआरडीओची पुण्यातल्या पाषाणची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा, एआरडीई, रेलगनवर काम करते. १२ मिलिमीटर चौरस नळीच्या रेलगनच्या चाचणीच्या बातम्या २०१७ मध्ये आल्या होत्या. उद्दिष्ट म्हणून सांगितलं गेलं ते असं : १० मेगाज्यूलच्या कपॅसिटर बँकेतून १ किलोचा प्रक्षेपक सेकंदाला २००० मीटरच्या वर न्यायचा. गणित करून पाहा. १ किलो, २००० मीटर, म्हणजे २ मेगाज्यूल. कार्यक्षमता २० टक्के. तुमच्या सव्वा टक्क्याच्या शेजारी हा आकडा ठेवला की दोन्हींतलं अंतर समजतं.

बातम्यांचे मथळे मात्र फक्त वेगाचे होते. अमेरिकन नौदलानं २०१० मध्ये डालग्रेन इथे ३३ मेगाज्यूलचा शॉट घेतला होता, तरी २०२१ मध्ये तो कार्यक्रम थांबवला. रूळ लवकर झिजणं ही त्या मार्गातली मोठी अडचण होती. वेग मिळाला, पण रूळ टिकेनात. संशोधनाचा प्रश्न सरकत्या स्पर्शाचा आणि पदार्थविज्ञानाचा होता. आकर्षक आकडा एकीकडे आणि खरा प्रश्न दुसरीकडे, असं पुष्कळदा असतं.

आता कायदा : तीन देश, तीन व्याख्या

तुम्ही पाहता ते बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले. तिथला बनवणारा बिनधास्त सांगतो की हे ‘फायरआर्म’ नाही. त्याचं त्याच्या पुरतं बरंचसं बरोबर आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात फायरआर्म म्हणजे स्फोटकाच्या क्रियेनं प्रक्षेपक फेकणारं शस्त्र. कॉइलगनमध्ये स्फोटक नाही, म्हणून ती त्या व्याख्येबाहेर. राज्यांचे कायदे पुन्हा वेगळे. याच व्याख्येमुळे आर्कफ्लॅश लॅब्ज नावाची कंपनी २०१८ पासून हातात धरायची कॉइलगन तिथे विकू शकली.

ब्रिटनमध्ये आकडा आहे. १९६८ च्या कायद्यात २०१७ साली केलेल्या दुरुस्तीनुसार, नळीच्या तोंडाशी १ ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेनं प्रक्षेपक सोडू शकणारं नळीचं शस्त्र ‘प्राणघातक’ गटात जातं. आपल्या वरच्या उदाहरणातलं यंत्र बरोबर या रेषेवर उभं आहे, आणि आपली त्रुटी साडेचार टक्के. ०.९६ की १.०४? मोजमाप नीट नसेल तर आपण कायद्याच्या आत आहोत की बाहेर, हेही सांगता येणार नाही. त्रुटीचं गणित फक्त जर्नलच्या पंचांसाठी नसतं ते असं.

आणि भारत? शस्त्र अधिनियम १९५९. त्यातली अग्निशस्त्राची व्याख्या नीट वाचा. स्फोटकाच्या ‘किंवा इतर प्रकारच्या ऊर्जेच्या’ क्रियेनं कोणताही प्रक्षेपक सोडण्यासाठी रचलेलं किंवा तसं बदलून घेतलेलं शस्त्र. ‘इतर प्रकारची ऊर्जा’ हे चार-पाच शब्दच आपल्या कामाचे आहेत. विद्युत ऊर्जा त्यात सरळ बसते. म्हणजे अमेरिकन व्हिडिओतलं ‘स्फोटक नाही म्हणून चालतं’ हे वाक्य बार्शी नाक्यावर पोचेपर्यंत निरुपयोगी झालेलं असतं.

पुढे वाचा. कलम ५ नुसार अग्निशस्त्र परवान्याशिवाय बनवता येत नाही, विकता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि त्याची चाचणीही घेता येत नाही. चाचणी हा शब्द विद्यार्थ्यांनी अधोरेखित करावा. ‘मी कोणाला मारायला नाही, फक्त टेस्ट करायला बनवली’ हे इथे आपोआप बचावाचं वाक्य ठरत नाही. व्याख्येत अग्निशस्त्राचे भागही येतात. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं ते जन्मठेप, शिवाय दंड. सूट आहे ती मुख्यतः सरकारी आदेशानं चालणाऱ्या कामाला, कर्तव्यावरच्या लोकसेवकाला, एनसीसीसारख्या दलांना. एआरडीईचा शास्त्रज्ञ तिथे बसतो. शुक्रवार पेठेतल्या माळ्यावर सोल्डरिंग करणारा विद्यार्थी बसत नाही.

याशिवाय आपल्या शहरात आणखी एक गोष्ट असते. सण, यात्रा, निवडणुका जवळ आल्या की पोलीस आयुक्तालयाचा शस्त्रबंदीचा आदेश पेपरात येतो, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खालचा. आपण तो न वाचता पान उलटतो. त्या कलमात शस्त्रं बाळगण्याबरोबरच फेकायच्या वस्तू किंवा त्या फेकण्याची साधनं नेणं, जमा करणं आणि तयार करणं यावरही बंदी घालता येते. अशा पंधरवड्यात तुमचा प्रोजेक्ट पिशवीत घालून कॉलेजला नेणं म्हणजे विनाकारण संकट ओढवून घेणं.

पण मग धोट्याचं काय?

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे काही फेकणारं यंत्र बनवायचंच नाही? थांबा. व्याख्येतला अर्धा भाग अजून वाचायचा राहिला आहे.

अग्निशस्त्र म्हणजे आधी ‘शस्त्र’ असलं पाहिजे. आणि शस्त्र म्हणजे आक्रमणासाठी किंवा संरक्षणासाठी हत्यार म्हणून रचलेली किंवा तशी बदललेली वस्तू. लाठी, साधी काठी यांसारख्या निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. फक्त खेळणं म्हणूनच वापरता येईल आणि चालू हत्यारात रूपांतर होणार नाही, अशी वस्तूही वगळली आहे.

सोलापूरकरांना याचं उदाहरण लांब शोधायला नको. पूर्व भागातला जुना साधा यंत्रमाग आठवा. त्यातला धोटा एका बाजूनं फटका बसून दुसऱ्या बाजूला जातो, तिथे थांबतो, परत येतो. धोट्याचं वजन ४०० ग्रॅम आणि वेग सेकंदाला १२ मीटर धरला तर ऊर्जा जवळपास २९ ज्यूल येते. २०१६ च्या शस्त्र नियमांत एअरगनसाठी जी रेषा आखली आहे ती २० ज्यूलची. म्हणजे ऊर्जेच्या हिशेबानं चादर विणणारा माग एअरगनच्या वर आहे! आणि धोटा मागातून उडाला तर माणूस जबर जखमी होतो, म्हणून तर मागाला धोट्याची जाळी लावतात. तरीही मागाला कोणी अग्निशस्त्र म्हणत नाही. तो रचला आहे कापडासाठी.

ब्रिटिश कायदा ज्यूल विचारतो, अमेरिकन कायदा स्फोटक विचारतो, आपला कायदा हेतू विचारतो. आणि हेतू ठरवायचा कशावरून? पोलीस तुमच्या मनात शिरू शकत नाहीत. ते वस्तू पाहणार. हातात धरायची मूठ, घोडा, नेम धरायची दुर्बीण, टोकदार तुकडे. फोन पाहणार. ‘देसी गन, लोखंड पाडलं आरपार’ अशा नावाचा व्हिडिओ. वस्तूची रचना आणि तुमचे स्वतःचे शब्द मिळून तुमच्या विरुद्ध हेतूचा पुरावा उभा करू शकतात.

नुसतं नाव बदलून सुटका होत नाही, हेही तितकंच खरं. मूठ आणि घोडा तसाच ठेवून वर ‘रेखीय प्रवेगक’ अशी पाटी लावली तर ती पाटीच राहील. बदलायला हवी ती रचना, आणि रचना बदलते प्रश्न बदलल्यावर.

एरिक लेथवेट यांचं उदाहरण यासाठीच चांगलं आहे. रेखीय प्रेरण मोटरवरच्या कामासाठी आणि चुंबकीय तरंगत्या गाड्यांच्या कल्पनेसाठी ते प्रसिद्ध झाले. पण मँचेस्टरमध्ये सुरुवात झाली मागाच्या धोट्यापासून. फटका न मारता विद्युतचुंबकीय बलानं धोटा पळवता येईल का, हा प्रश्न होता. १९५७ मध्ये त्यांनी धोट्यासाठीच्या स्वयंदोलित मोटरवर लेख प्रसिद्ध केला. कॉइलगनवाल्याला जे भौतिक लागतं त्याच घरातलं हे भौतिक. फरक इतकाच की लेथवेट यांना धोटा दुसऱ्या टोकाला पकडायचाही होता आणि परत पाठवायचाही होता. फेकण्यापेक्षा पकडणं अवघड. आणि प्रश्न जितका अवघड, तितका प्रबंध भरीव.

टीका कायद्यावरही

सगळा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारून मला मोकळं व्हायचं नाही. ‘इतर प्रकारची ऊर्जा’ ही व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली आहे, आणि तिचा फायदा आहे : नवं तंत्र आलं म्हणून कायदा जुना पडत नाही. पण रुंद व्याख्या आणि किमान ७ वर्षांची शिक्षा एकत्र आली की चुकीला जागा राहत नाही. एअरगनला ज्यूलची रेषा आहे, विद्युतचुंबकीय प्रक्षेपकाला तशी स्वतंत्र रेषा नाही. अर्ध्या ज्यूलचं टेबलावरचं प्रात्यक्षिक आणि हातात धरायचं हत्यार यांतला फरक कायद्याच्या मजकुरात आकड्यानं दिसत नाही, तो तपास अधिकारी आणि न्यायालय यांच्यावर सोपवला आहे. शैक्षणिक प्रयोगासाठी सोपी, वेगळी खिडकीही नाही. उत्पादन परवान्याची चौकट कारखान्यासाठी आहे, विद्यार्थ्यासाठी नाही.

न्यायालय शेवटी योग्य फरक करेल, असं म्हणता येईल. पण ‘शेवटी’ या शब्दात अटक, जामीन, जप्त झालेला लॅपटॉप, पासपोर्टची पडताळणी आणि फेलोशिपची गेलेली मुदत एवढं सगळं बसतं. आई-वडिलांना पोलीस ठाण्यात बसावं लागतं ते वेगळंच. निर्दोष सुटण्यापेक्षा संशयाला जागा न देणं स्वस्त पडतं.

दुसरी बाजूही विसरू नका. रुंद व्याख्या कशाला हवी, याचं उत्तर २०२५ च्या दिवाळीत मिळालं. कॅल्शियम कार्बाइड, पाणी आणि प्लास्टिकचा पाइप, एवढ्यावर चालणाऱ्या ‘कार्बाइड गन’मुळे भोपाळसह मध्य प्रदेशात शंभराहून अधिक लोकांच्या, त्यात मुलांच्याच जास्त, डोळ्यांना इजा झाल्या. रील पाहून घेतलेलं, ऊर्जा कोणी न मोजलेलं खेळणं. तिथेही कोणाचा हेतू वाईट नव्हता.

मग प्रोजेक्ट कसा मांडाल?

विषय सोडू नका, प्रश्न बदला. माझ्या मते विद्युतचुंबकीय प्रवेगाचा चांगला विद्यार्थी-प्रकल्प असा दिसेल.

पहिलं, यंत्र टेबलाला पक्कं बसवलेलं. तुकडा रुळावर किंवा बंद पारदर्शक नळीत पळतो आणि दुसऱ्या टोकाला पकडला जातो. मोकळ्या हवेत काहीच सुटत नाही. हे कायद्यासाठी बरं, डोळ्यांसाठी बरं आणि मोजमापासाठी तर फारच बरं, कारण तोच तुकडा पन्नास वेळा वापरता येतो.

दुसरं, व्होल्टेज कमी. लोखंडाची संपृक्तता, इंडक्टन्सचा बदल, प्रवाह रेंगाळल्यानं मागे बसणारी ओढ, हे सगळं कमी व्होल्टेजवर, प्रयोगशाळेतल्या साध्या वीजपुरवठ्यावरही अभ्यासता येतं. वेगाचा विक्रम होणार नाही. पण विक्रम हा तुमचा प्रश्नच नाही.

तिसरं, प्रयोग घरी नको. विभागाच्या प्रयोगशाळेत, मार्गदर्शकांच्या लेखी मंजुरीनं, नोंदवहीत तारीखवार नोंदी ठेवून. मोठा कपॅसिटर वापरायचाच असेल तर तो निःप्रभारित करायची पक्की सोय आणि सोबत दुसरा माणूस. नोंदवहीचं महत्त्व आपण प्रकाशनासाठी सांगतो. हेतू काय होता याचा तुमच्या बाजूचा कागदही तीच असते.

चौथं, प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘कॉइलगन बनवणे’ हे क्रियापद झालं, प्रश्न नव्हे. ‘तुकड्याची लांबी आणि वेटोळ्याची लांबी यांचं गुणोत्तर बदललं की कार्यक्षमता कशी बदलते, आणि संपृक्तता धरून केलेलं गणित त्याच्याशी किती टक्क्यांपर्यंत जुळतं?’ हा प्रश्न आहे. याचं उत्तर नकारार्थी आलं तरी प्रोजेक्ट उभा राहतो.

पाचवं, थॉमसनची उडती कडी तुमच्या कॉलेजच्या कपाटात बहुधा असेलच. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वेटोळ्यावरून ॲल्युमिनियमची कडी उडते, ते उपकरण. बारावीपासून आपण तिला टाळ्या देत आलो. तिच्या उंचीचा तापमानाशी काय संबंध आहे हे मोजून पाहा. कडी थंड केली की ती जास्त उडते. का आणि किती? एवढ्यावरही एक सेमिस्टर आरामात जातं.

‘गन’ हा शब्द काढल्यानं विषयातली गंमत जाते, असं तुमच्यातले काही जण म्हणतील. त्यांना माझं सांगणं एवढंच : वरच्या चौथ्या मुद्द्यातला प्रश्न घ्या, एक वेटोळं, पाच वेगवेगळ्या लांबीचे तुकडे आणि दोन प्रकाशद्वारं घ्या, आणि पहिले पन्नास आकडे त्रुटीसकट आलेखावर मांडा. सूत्राची रेषा आणि तुमचे बिंदू कुठल्या लांबीपासून एकमेकांना सोडतात ते पाहा. पीएच.डी.च्या मुलाखतीत तुम्हाला त्याच जागेबद्दल विचारतील, डब्याबद्दल नाही.